कपाटाआधी किल्ल्यांचा विचार



काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर सुपा नावाचे एक गाव होते. 'होते' असे म्हणावयाचे कारण ते आज पाण्याखाली आहे. गणेशगुडीजवळ काळी नदीवर धरण बांधण्यास १९७४ साली प्रारंभ झाला आणि १९८७ साली ते पूर्ण झाले. १०१ मीटर उंचीच्या या भिंतीमागे पाणी चढत गेले आणि सुपा गाव त्यात सामावले. तेथील कुटुंबे रामनगरला येऊन वसली आणि तालुक्याचे मुख्य ठिकाण जोयडा झाले. नाव मात्र बुडाले नाही. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत या तालुक्याचे नाव 'सुपा' असेच आढळते.

अशा प्रदेशात शिकवणाऱ्या शिक्षकाला एक अनुभव वारंवार येतो. एखादे वृद्ध गृहस्थ शाळेच्या दारात येतात आणि जन्मतारखेचा दाखला मागतात. मग जुने जनरल रजिस्टर काढावयाचे, पिवळी पडलेली पाने जपून उलटावयाची, आणि बोट एका ओळीवर थांबवावयाचे. 'जन्मस्थळ' या रकान्यात लिहिलेले असते : सुपा. "गाव पाण्यात गेला, मास्तर, कागद तरी जागेवर आहे ना?" असे त्यांतील एकाने मला विचारले होते. ते गृहस्थ हसतच बोलले, पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. ज्याचे घर, अंगण, देऊळ आणि विहीर दाखवता येत नाही, त्याच्यापाशी वहीतील एक ओळ उरलेली असते. ती ओळ कोणी पुसली, बदलली किंवा हरवली, तर साक्षीला गाव येणार नाही.

आता ही ओळ वहीतून संगणकात जात आहे. कर्नाटकात २००० च्या सुमारास 'भूमी' या योजनेखाली जमिनीच्या नोंदी संगणकात घेण्यात आल्या. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या सुमारे २ कोटी नोंदींचे हे काम होते. महाराष्ट्रात ज्यांना आपण तलाठी म्हणतो, त्या पदावरील सुमारे ९ हजार गावकामगारांच्या हातच्या वह्यांत तोपर्यंत त्या नोंदी विखुरलेल्या होत्या. नोंदीत फेरफार करणाऱ्या कर्मचाऱ्याची ओळख त्याच्या बोटाच्या ठशावरून पटवण्याची सोय या योजनेत आरंभापासून केली होती. नोंद कोठे ठेवावी या प्रश्नाइतकाच, त्या नोंदीला कोणाचा हात लागावा हाही प्रश्न महत्त्वाचा आहे, हे तिच्या कर्त्यांनी ओळखले होते. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे; फक्त तो मी संगणकाच्या अंतरंगात, अगदी पायापाशी जाऊन मांडणार आहे. डेटाबेसचे सॉफ्टवेअर यंत्रावर बसवण्यापूर्वी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये वापरकर्त्यांचे गट का तयार करावयाचे आणि कसे करावयाचे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम दोन शब्दांचा खुलासा करू. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा एकूण कारभार पाहणारी व्यवस्था. स्मृती कोणाला द्यावयाची, डिस्कवर कोणती फाइल कोठे राहील, कोणता प्रोग्रॅम चालेल, हे सारे ती ठरवते. डेटाबेस म्हणजे नोंदी शिस्तीने ठेवणारे, मागितल्या तर शोधून देणारे आणि बदल करताना नियम पाळावयास लावणारे सॉफ्टवेअर. डेटाबेस हा ऑपरेटिंग सिस्टिमच्या घरात राहणारा बिऱ्हाडकरू आहे असे म्हटले तरी चालेल. त्याच्या नोंदी शेवटी डिस्कवरील फाइलींतच असतात, आणि त्या फाइलींवर राज्य ऑपरेटिंग सिस्टिमचे असते.

येथेच पुष्कळांची फसगत होते. डेटाबेसला स्वतःचे पहारे असतात. कोणी कोणता तक्ता पाहावा, कोणी बदलावा, याचे नियम त्यात घालता येतात आणि प्रत्येकाला परवलीचा शब्द देता येतो. आपण समजतो की एवढे पुरेसे आहे. परंतु कचेरीच्या खिडकीत बसलेला कारकून कितीही दक्ष असला, आणि मागच्या दप्तरखान्याचे दार सताड उघडे असले, तर त्या दक्षतेचा उपयोग काय? फाइलींना थेट हात घालता येणारा मनुष्य डेटाबेसच्या पहाऱ्याला विचारीतच नाही. तो फाइल उचलून नेऊ शकतो किंवा पुसून टाकू शकतो. खिडकीची व्यवस्था डेटाबेसने करावयाची, दप्तरखान्याच्या दाराची ऑपरेटिंग सिस्टिमने. आणि दप्तर आत येण्यापूर्वी दाराला कुलूप हवे.

हे कुलूप कसे असते? युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून घडवली. लिनक्सनेही तिचीच रीत उचलली. या रीतीप्रमाणे प्रत्येक फाइलीच्या संबंधात जग तीन भागांत विभागलेले असते : फाइलीचा मालक, फाइलीचा गट आणि उरलेले सर्व. या प्रत्येकाला तीन प्रकारचे अधिकार देता येतात. वाचण्याच्या अधिकाराचा अंक ४, लिहिण्याचा २ आणि चालवण्याचा १. या अंकांची बेरीज करून अधिकार सांगतात. एखाद्या फाइलीवर ६४० असे अधिकार असले, तर मालकाला ६, म्हणजे ४ अधिक २, वाचणे व लिहिणे. गटाला ४, म्हणजे नुसते वाचणे. आणि इतरांना शून्य. आमच्या पाचवीच्या मुलांना ही बेरीज पाच मिनिटांत समजते. फोल्डरच्या बाबतीत १ या अंकाचा अर्थ 'आत शिरण्याची मुभा' असा होतो, एवढे त्यात ध्यानात ठेवावयाचे.

यांतील मालक आणि इतर ही कल्पना चटकन समजते. गट कशासाठी, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर आपल्या नित्याच्या व्यवहारात आहे. शाळेचे जनरल रजिस्टर अमुक एका गुरुजींच्या ताब्यात असते असे आपण बोलतो, पण खरे पाहता ते मुख्याध्यापक या पदाच्या ताब्यात असते. गुरुजींची बदली झाली की किल्ली नव्या मुख्याध्यापकांकडे जाते. रजिस्टर जागचे हलत नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत धर्मप्रांताच्या दप्तरखान्याविषयी असा नियम आहे की तो कुलूपबंद असावा आणि त्याची किल्ली केवळ बिशप आणि चॅन्सेलर यांच्यापाशी असावी. त्या नियमात कोणा व्यक्तीचे नाव नाही. पदांची नावे आहेत. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन अधिकाऱ्यांकडे वेगवेगळ्या असतात, हेही आपण जाणतो. ऑपरेटिंग सिस्टिममधील गट म्हणजे असे पद होय. अधिकार गटाला द्यावयाचा आणि माणसाला त्या गटात घ्यावयाचे किंवा त्यातून काढावयाचे. माणसे येतात, जातात. फाइलींवरील अधिकारांना हात लावावा लागत नाही.

हे शहाणपण मला पुस्तकातून आले असते तर बरे झाले असते. ते नुकसानीतून आले. काही वर्षांपूर्वी एका शाळेत जुन्या रजिस्टरांतील नोंदी संगणकात घेण्याचे काम आम्ही काही शिक्षकांनी अंगावर घेतले. हेतू चांगला होता, उत्साह दांडगा होता, आणि घाईही तितकीच होती. यंत्रावर आम्ही 'शाळा' या नावाचा एकच वापरकर्ता ठेवला. त्याच नावाने डेटाबेस बसवला, त्याच नावाने नोंदी भरल्या, त्याच नावाने मुलांच्या प्रश्नपत्रिकाही टंकल्या. परवलीचा शब्द पाच जणांना ठाऊक होता आणि सहाव्यासाठी तो फळीच्या आतल्या बाजूस चिकटवलेला होता.

एके दिवशी डिस्क भरली. कोणीतरी सद्भावनेने साफसफाई केली. डेटाबेसच्या फाइली ज्या फोल्डरांत असतात, त्यांना पुष्कळदा नुसत्या आकड्यांची नावे असतात. पाहणाऱ्याला तो केरकचरा वाटला आणि त्याने तो पुसला. यंत्राने अडवले नाही. अडवील कसे? मागणारा 'शाळा' होता आणि फाइलींचा मालकही 'शाळा'च होता. पुढच्या दिवशी कोणी पुसले हे शोधू लागलो, तर यंत्राच्या दप्तरात एकच नाव : 'शाळा'. आमच्यापाशी एकोणीस दिवसांपूर्वीची नक्कल होती. त्यानंतरच्या साऱ्या नोंदी कागदी रजिस्टर समोर ठेवून पुन्हा भरल्या. कागद होता म्हणून निभावले.

पण त्या आठवड्यात याहून वाईट अशी एक गोष्ट घडली. शिक्षकांच्या खोलीत पाच माणसे एकमेकांकडे निराळ्या नजरेने पाहू लागली. कोणी तोंडाने काही बोलले नाही. तथापि चौघा निरपराधांवर संशयाची सावली पडली, आणि ती दूर करण्याचे साधन आमच्यापैकी कोणाहीपाशी नव्हते. त्या एका चुकीत नोंदी गेल्या त्या परत आल्या. विश्वासाला लागलेला चरा भरून यायला मात्र फार दिवस लागले.

आता व्यवस्थित पद्धत कशी असते ते पाहू. ओरॅकल हे मोठ्या कचेऱ्यांत आणि बँकांत वापरले जाणारे डेटाबेस सॉफ्टवेअर आहे. युनिक्स किंवा लिनक्सवर ते बसवण्यापूर्वी काही गट तयार ठेवावे लागतात. पहिल्या गटाचे रूढ नाव 'ओइन्स्टॉल'. यंत्रावर ओरॅकलची कोणकोणती सॉफ्टवेअरे कोठे बसवली आहेत याची एक जंत्री असते. ती जंत्री आणि सॉफ्टवेअरच्या फाइली या गटाच्या असतात. म्हणजे इमारत बांधणारांचा हा गट. दुसऱ्या गटाचे रूढ नाव 'डीबीए'. या गटातील माणसाला डेटाबेसवर सर्वोच्च अधिकार मिळतो. आणि लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की त्या यंत्रावर स्वतःच्या नावाने प्रवेश केलेल्या या गटातील माणसाला डेटाबेस पुन्हा परवलीचा शब्द विचारीतच नाही. गटात नाव असणे हीच त्याची किल्ली. तिसरा गट 'ओपर'. यातील माणसाने डेटाबेस सुरू करावा, बंद करावा, देखभालीची ठरावीक कामे करावी. पण लोकांच्या नोंदी पाहू नयेत.

२०१३ साली आलेल्या ओरॅकलच्या बाराव्या आवृत्तीत ही वाटणी आणखी बारीक झाली. नकला काढणे व त्या परत बसवणे यासाठी एक गट, दूरच्या ठिकाणी ठेवलेल्या जोड-डेटाबेसची देखरेख करण्यासाठी दुसरा, आणि सांकेतिक लिपीच्या किल्ल्या सांभाळण्यासाठी तिसरा. रात्रीची नक्कल काढणाऱ्या माणसाला सगळ्या राज्याचा मुखत्यार करण्याची गरज त्यामुळे उरली नाही. लहान कामासाठी ही सर्व पदे एकाच गटाला देण्याची मुभा आहे. परंतु सोय म्हणून पाचही किल्ल्या एका जुडग्यात घातल्या, तर त्या वेगळ्या केल्याचा उपयोग राहत नाही, हे सांगावयास नको.

हे सर्व आधीच का करावयाचे? मागाहून करता येणार नाही काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याची उत्तरे तीन आहेत.

पहिले उत्तर असे की फाइलीला तिचा मालक आणि गट जन्मतःच मिळतो. प्रत्येक वापरकर्त्याचा एक मुख्य गट असतो आणि इतर काही दुय्यम गट असतात. त्याने नवी फाइल निर्माण केली की तिच्यावर साधारणपणे त्याच्या मुख्य गटाचा शिक्का बसतो. डेटाबेस बसवताना क्षणार्धात हजारो फाइली निर्माण होतात. बसवणाऱ्याचा मुख्य गट चुकीचा असला, तर हजारो फाइलींवर चुकीचा शिक्का बसतो. पुढे तो एकेक करून सुधारणे म्हणजे पेरणी झाल्यावर बियाणे बदलण्यासारखे आहे.

दुसरे उत्तर ओरॅकलपुरते आहे, परंतु बोधप्रद आहे. सर्वोच्च अधिकार कोणत्या गटाला, हे बसवतेवेळी विचारले जाते आणि दिलेले नाव मूळ प्रोग्रॅममध्येच गुंफले जाते. उद्या ते बदलावयाचे ठरले तर प्रोग्रॅमची जोडणी पुन्हा करावी लागते. चालत्या डेटाबेसवर असे काम करणे कोणालाही आवडत नाही.

तिसरे उत्तर आकड्यांचे आहे. आपण गटाला नाव देतो, पण ऑपरेटिंग सिस्टिम फाइलीवर त्या गटाचा क्रमांक लिहिते. एका यंत्रावर 'डीबीए' गटाचा क्रमांक एक असेल आणि दुसऱ्यावर निराळा असेल, तर पहिल्या यंत्रावरील फाइली दुसरीकडे नेताच त्या भलत्याच गटाच्या ठरू शकतात. नाव तेच, माणसे तीच, आणि तरी दार उघडत नाही. किंवा त्याहून वाईट, परक्याला उघडते. दोन यंत्रे मिळून एक डेटाबेस चालवावयाचा असेल तर हे क्रमांक दोन्हीकडे सारखेच असले पाहिजेत. यास्तव ते आरंभीच ठरवून लिहून ठेवावेत.

ओरॅकल सर्वांना परवडणारे नाही. शाळा, सहकारी सोसायट्या, ग्रंथालये यांच्या उपयोगाचे पोस्टग्रेस नावाचे डेटाबेस सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्याची शिस्तही पाहण्यासारखी आहे. युनिक्स पद्धतीत 'रूट' नावाचा एक वापरकर्ता असतो. त्याला यंत्रावर कोणतीही मनाई नसते. या सर्वाधिकाऱ्याच्या नावाने चालण्यास पोस्टग्रेस साफ नकार देते. कारण सरळ आहे. जो प्रोग्रॅम बाहेरच्या शेकडो लोकांशी बोलतो, त्याच्यात कोणी खोट शोधून काढली, तर त्या खोटीतून आत आलेल्याच्या हाती त्या प्रोग्रॅमचे अधिकार पडतात. ते अधिकार एका बिऱ्हाडापुरते असावेत, साऱ्या वाड्याचे नसावेत. नोंदींच्या फोल्डरवरही पोस्टग्रेसची कडक नजर असते. पूर्वी तेथे मालकावाचून कोणालाही मुभा असली तर ते सुरूच होत नसे. २०१८ च्या अकराव्या आवृत्तीपासून मालकाच्या गटाला वाचण्याची मुभा ठेवण्याची सोय झाली, ती मुख्यतः नक्कल काढणाऱ्याला लिहिण्याचा अधिकार न देता काम करता यावे म्हणून. 'वाच, पण बदलू नकोस' असे यंत्राला सांगण्याचे साधन म्हणजे पुन्हा गटच.

विंडोजच्या जगातही हाच विचार हळूहळू रुजला. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये पूर्वी यंत्राच्या व्यवस्थापकांच्या गटाला डेटाबेसचेही सर्वाधिकार आपोआप मिळत असत. २००८ च्या आवृत्तीपासून ही आपोआपची देणगी बंद झाली. यंत्राची दुरुस्ती करणारा आणि नोंदींचा राखणदार ही दोन पदे आहेत, एक नव्हे, हे तत्त्व त्यात मान्य झाले.

आता प्रत्यक्ष क्रम सांगतो. पहिले काम कागदावर करावे. एका बाजूस कामे लिहावीत : सॉफ्टवेअर बसवणे व सुधारणे, डेटाबेसची व्यवस्था पाहणे, तो सुरू-बंद करणे, नक्कल काढणे, नोंदी भरणे, नुसत्या नोंदी पाहणे. दुसऱ्या बाजूस प्रत्येक कामासमोर पद लिहावे आणि त्यापुढे आजच्या माणसाचे नाव, तेही पेन्सिलीने. शेवटच्या दोन कामांसाठी, म्हणजे नोंदी भरणे आणि पाहणे यांसाठी, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गटाची गरज नसते. त्यांची सोय डेटाबेसच्या आत करावी. या लोकांना दप्तरखान्याच्या दाराशी जाण्याचे कारणच नाही.

दुसरे काम रूटच्या अधिकाराने गट तयार करण्याचे. लिनक्सवर त्यासाठी 'ग्रुपॲड' ही आज्ञा आहे, आणि तिच्यातच गटाचा क्रमांक सांगता येतो. तिसरे काम 'युजरॲड' या आज्ञेने सॉफ्टवेअरचा मालक होणारा वापरकर्ता तयार करण्याचे. त्याचा मुख्य गट कोणता आणि दुय्यम कोणते हे त्याच वेळी सांगावयाचे. हा वापरकर्ता म्हणजे कोणी माणूस नव्हे, ते सॉफ्टवेअरचे नाव आहे. प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रत्येक माणसासाठी त्याच्या स्वतःच्या नावाचा निराळा वापरकर्ता हवा आणि त्याला योग्य त्या गटात घेतलेले हवे. असे केले म्हणजे यंत्राच्या दप्तरात कोण आले आणि कोण गेले हे नावानिशी राहते.

चौथे काम तपासणीचे. 'आयडी' ही आज्ञा दिली की वापरकर्ता कोणकोणत्या गटांत आहे ते दिसते. येथे नवशिक्या माणसाला हमखास चकवणारी एक गोष्ट आहे. आधीच यंत्रावर काम करीत बसलेल्या माणसाला नव्या गटात घेतले, तरी त्याच्या चालू बैठकीला त्याची वार्ता नसते. त्याने बाहेर पडून पुन्हा प्रवेश केला म्हणजे नवा अधिकार लागू होतो. गटातून काढलेल्यालाही हाच नियम लागू आहे. त्याची चालू बैठक संपेपर्यंत जुना अधिकार त्याच्यापाशी राहतो. बदली झालेल्या माणसाचे नाव गटातून काढले की त्याच्या बैठकीही बंद कराव्यात, ते यासाठी.

पाचवे काम फोल्डर तयार करून त्यांचा मालक, गट आणि अधिकार ठरवण्याचे. हे सर्व झाल्यावर, आणि मगच, सॉफ्टवेअरच्या मालकाच्या नावाने सॉफ्टवेअर बसवावयाचे. ओरॅकल बसवताना रूटच्या नावाने आरंभ करू गेल्यास ते अडवते. शेवटी मात्र दोन लहान आज्ञासंच रूटच्या नावाने चालवावयास सांगते. सर्वाधिकाऱ्याला नेमक्या कामापुरते बोलवावे आणि काम होताच निरोप द्यावा, हा त्यातला अर्थ.

कोणी म्हणेल, आजकाल हे गट सॉफ्टवेअरबरोबर आपोआप तयार होतात, मग एवढा खटाटोप कशाला? ही गोष्ट पुष्कळ अंशी खरी आहे. पोस्टग्रेसच्या तयार संचांत त्याचा वापरकर्ता आपोआप निर्माण होतो. ओरॅकलच्या स्वतःच्या लिनक्सवरही पूर्वतयारीचा संच मिळतो. पण यंत्र गट निर्माण करील. त्या गटात कोणी बसावे हे त्याला काय ठाऊक? तो निर्णय आपलाच. निदान काय तयार झाले आहे ते 'आयडी' आज्ञेने पाहून घ्यावे.

दुसरा म्हणेल, आमची कचेरी लहान, माणूस एकच, गट कोणाचे करू? त्यालाही माझे सांगणे तेच. माणूस एक असला तरी पदे दोन असू द्यावीत. रोजच्या पत्रव्यवहाराला एक नाव आणि डेटाबेसच्या व्यवस्थेला दुसरे. आपल्याच घाईपासून आपले रक्षण होते. आणि उद्या दुसरा माणूस आला, तर त्याला द्यावयाची किल्ली तयार असते.

तिसरी शंका मात्र नाजूक आहे. "तुमचा आमच्यावर विश्वास नाही काय?" असे सहकारी विचारतात. आमच्या शाळेतही हा प्रश्न निघाला. मी त्यांना त्या एकोणीस दिवसांची आठवण दिली. कुलूप चोरासाठी असते तसे ते सज्जनासाठीही असते. ज्याच्यापाशी किल्ली नव्हती त्याच्यावर आळ येत नाही. प्रत्येकाचा अधिकार त्याच्या कामाएवढा असला, तर नुकसानीच्या दिवशी उरलेल्यांना ताठ मानेने वावरता येते.

दोन गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. गट केले म्हणून रूटची सत्ता संपत नाही. तो सर्व पाहू शकतो आणि सर्व पुसू शकतो. त्याचा परवलीचा शब्द थोड्यांनाच ठाऊक असावा आणि त्याची एक प्रत बंद लिफाफ्यात, मोहोर लावून, प्रमुखाच्या तिजोरीत असावी. तसेच नकलेची फाइल म्हणजे साऱ्या दप्तराची दुसरी प्रत होय. मूळ दप्तर कुलपात आणि नक्कल उघड्या फोल्डरात असेल, तर कुलूप लावल्याचे समाधान तेवढे मिळते.

आमच्या शाळेतील यंत्रावर आज पाच जणांची पाच नावे आहेत. नक्कल काढणाऱ्याला नोंदी बदलता येत नाहीत, आणि नोंदी भरणाऱ्याला फाइली दिसतही नाहीत. ही सारी तयारी करण्यास आम्हांला एक दुपार लागली. पहिल्या दिवशी ती दुपार दिली असती, तर पुढचे कित्येक दिवस वाचले असते. फळीच्या आतला तो चिकटवलेला कागद आम्ही काढून टाकला आहे.

ते वृद्ध गृहस्थ पुन्हा येतील, किंवा त्यांचा नातू येईल. 'जन्मस्थळ : सुपा' ही ओळ त्याला वहीत दिसेल आणि संगणकातही दिसेल. त्या ओळीचे अक्षर कोणाच्या हातून उतरले आणि त्यानंतर कोणाचा हात तिला लागू शकला नाही, हे आम्ही त्याला आता सांगू शकू. कागद जागेवर आहे ना, या त्यांच्या प्रश्नाला त्या दिवशी मी नुसती मान हलवली होती. पुढच्या खेपेस मी तोंडाने 'होय' म्हणेन.